थॉमस पेन ‘समग्र’: कोणती आवृत्ती घ्यावी आणि कुठे ठेच लागते

महात्मा फुल्यांच्या कुठल्याही चरित्रात थॉमस पेनचं नाव येतंच. १८४७ च्या सुमारास फुले आणि त्यांच्या मित्रांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे वाक्य आपल्याकडे शाळकरी निबंधांपासून अध्यक्षीय भाषणांपर्यंत फिरत असतं. पेन प्रत्यक्ष वाचायला घेणारे त्या मानाने फार थोडे. आणि जो घेतो त्याला लवकरच कळतं की ‘समग्र पेन’ म्हणून हातात आलेलं पुस्तक समग्र नाही, शिवाय त्यात आहे ते सगळं पेनचंही नाही. ही भानगड समजून घेतली तर वाचन सुखाचं होतं. नाहीतर माणूस दुसऱ्याच कुणाचं वाक्य पेनच्या नावावर खपवत बसतो.

आधी हे असं का झालं ते. पेन हा ग्रंथकार नव्हता, पुस्तिकाकार होता. १७३७ मध्ये इंग्लंडात थेटफर्डला जन्म, अबकारी खात्यात नोकरी, १७७४ च्या नोव्हेंबरअखेर फिलाडेल्फिया, पुढे लंडन, पॅरिस, १८०२ नंतर पुन्हा अमेरिका. तीन देशांत, डझनावारी छापखान्यांतून आणि बहुतेक वेळा घाईने छापलेला मजकूर. सुरुवातीचं बरंच लेखन निनावी किंवा टोपणनावाने. १८०९ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला तेव्हा कागदपत्रं त्याच्या स्नेही मादाम बोनव्हिल यांच्याकडे गेली आणि पुढच्या पिढीच्या हाती त्यांतली फार थोडी टिकली. म्हणजे संपादकाकडे हस्तलिखितांची गठ्ठी नाही. त्याला जुन्या छापील प्रती, वर्तमानपत्रं आणि इकडेतिकडे विखुरलेल्या पत्रांवरच भागवावं लागतं. जेफरसन आणि फ्रँकलिन यांच्या कागदपत्रांचे खंडामागून खंड विसाव्या शतकात मोठमोठ्या विद्यापीठांनी काढले. पेनच्या वाट्याला त्या शतकात तसं काही आलं नाही. आपल्याकडे निदान फुल्यांचं समग्र वाङ्मय १९६९ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्याकडून करवून घेतलं.

आता आवृत्त्या. कामाच्या म्हणाव्यात अशा तीन.

पहिली मन्क्युअर कॉनवेची, चार खंड, न्यूयॉर्क, १८९४ ते १८९६. कॉनवे मूळचा व्हर्जिनियाचा, गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक, पुढे लंडनला स्थायिक. त्याने आधी १८९२ मध्ये पेनचं दोन खंडी चरित्र लिहिलं आणि त्या शोधातून हे खंड निघाले. पहिल्या तीन खंडांत राजकीय लेखन साधारण कालक्रमाने आहे, चौथ्यात ‘एज ऑफ रीझन’ आणि धर्मविषयक लेखन. हे खंड हक्कमुक्त असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, त्यामुळे इंटरनेटवर दिसणारा बहुतेक पेन हा खरं तर कॉनवेचा पेन असतो. कॉनवेच्या टिपा आजही वाचण्यासारख्या आहेत. पण तो पेनच्या प्रेमात होता, आणि प्रेमात पडलेला संपादक संशयाचा फायदा नेहमी आपल्या माणसाला देतो.

दुसरी फिलिप फोनरची, दोन खंड, १९४५. नावात ‘संपूर्ण’ असलं तरी संपूर्ण नाही. पहिल्या खंडात मोठ्या कृती, दुसऱ्यात बाकीचं लेखन विषयवार आणि पत्रं. पत्रांसाठी ही आवृत्ती लागतेच. दोष दोन. विषयवार मांडणीमुळे काळ हरवतो, आणि पेनसारख्या प्रसंगाला उत्तर देत लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत काळ हरवणं महागात पडतं. दुसरं म्हणजे शब्दलेखन आणि विरामचिन्हं आजच्या पद्धतीची केलेली आहेत, म्हणून नेमक्या पाठासाठी, म्हणजे मूळ शब्दाशब्दासाठी, तिच्यावर विसंबू नये.

तिसरी लायब्ररी ऑफ अमेरिकाची एकखंडी, १९९५, संपादक एरिक फोनर. हा फिलिपचा पुतण्या. निवडक आहे, पण पाठ काळजीपूर्वक निवडलेला आणि मांडणी कालक्रमाने. विकत एकच पुस्तक घ्यायचं तर हेच. पेनच्या लेखनाचे १९२५ चे दहा खंडही कधी जुन्या बाजारात दिसतात. शोभिवंत आहेत, पण त्यांच्यावर हवाला देऊ नये.

मुख्य प्रश्न मात्र कोणता लेख कुणाचा, हा. १७७५ मध्ये पेन ‘पेनसिल्व्हेनिया मॅगझिन’ या मासिकाचं संपादन करत होता. त्या काळच्या मासिकात संपादक स्वतः टोपणनावाने लिहायचा, मित्रांकडून लिहून घ्यायचा, आणि पानं भरली नाहीत की विलायती मासिकांतला मजकूर उचलून टाकायचा. शंभर-दीडशे वर्षांनी संपादकांनी या अंकांतले सुधारकी वळणाचे, जरा धारदार लेख वेचून पेनच्या खात्यात जमा केले.

याचं ठळक उदाहरण म्हणजे ऑगस्ट १७७५ च्या अंकातला स्त्रियांच्या स्थितीवरचा लेख. पेन हा स्त्रीमुक्तीचा आद्य पुरस्कर्ता असं सांगताना हाच लेख पुढे केला जातो. तो मुळात आंत्वान लेओनार्द तोमा या फ्रेंच लेखकाच्या निबंधाच्या इंग्रजी भाषांतरातून उचललेला आहे, हे फ्रँक स्मिथ या अभ्यासकाने १९३० मध्येच दाखवून दिलं. तरीही तो उद्धृत होतोच आहे.

दुसरं उदाहरण जास्त नाजूक. ८ मार्च १७७५ च्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’मध्ये आफ्रिकी गुलामगिरीवर एक निनावी लेख आला. कॉनवेचा पहिला खंड त्यानेच सुरू होतो. आधार काय, तर फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांची आठवण: गुलामगिरीविरुद्धचा एक छोटा लेख वाचून आपली पेनशी ओळख झाली, असं त्यांनी १८०९ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी एका पत्रात लिहिलं. तो लेख हाच, असं कॉनवेने धरलं. आता अभ्यासकांचा कल हा लेख पेनचा नसावा असं म्हणण्याकडे आहे. याचा अर्थ पेन गुलामगिरीच्या बाजूचा होता असा नव्हे. पण या विषयावर त्याने जाहीरपणे किती लिहिलं याचा हिशेब या एका लेखाने पार बदलतो. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, म्हणून आपल्याकडे पेन, गुलामगिरीविरोध आणि फुले अशी सरळ रेघ ओढायचा मोह होतो. ती रेघ या लेखावरून ओढू नये.

याच मासिकात मार्च १७७५ मध्ये क्लाइव्हच्या आयुष्यावर आणि मृत्यूवर एक लेख आहे. हिंदुस्थानातल्या लुटीबद्दल त्यात चांगलाच संताप आहे. तो कॉनवेच्या पहिल्या खंडात सापडतो. भारतीय वाचकाने जरूर वाचावा, फक्त हवाला देताना ‘पेनच्या नावावर असलेला’ एवढे शब्द लिहावेत.

अमेरिकेने इंग्लंडपासून स्वतंत्र व्हावं असं सांगणाऱ्या ‘कॉमन सेन्स’च्या बाबतीत लेखकाबद्दल वाद नाही, गोंधळ पाठाचा आहे. १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट बेलने ही पुस्तिका काढली, किंमत दोन शिलिंग, लेखकाचं नाव नाही. नफ्याचा निम्मा वाटा पेनचा आणि तो क्वेबेकच्या मोहिमेवरच्या सैनिकांच्या हातमोज्यांना द्यायचा, असं ठरलेलं. बेलने नफाच झाला नाही म्हणून हात वर केले. पेन ब्रॅडफर्ड या दुसऱ्या मुद्रकाकडे गेला, पदरच्या पैशाने ६,००० प्रती छापून घेतल्या आणि किंमत एक शिलिंगवर आणली. फेब्रुवारीतल्या या आवृत्तीत परिशिष्ट आणि क्वेकर पंथीयांना उद्देशून लिहिलेला मजकूर नव्याने आला. बेल गप्प बसला नाही. त्याने पेनला न विचारता आपली दुसरी आवृत्ती काढली, वर ‘मोठी भर’ म्हणून दुसऱ्यांचे लेख जोडले. त्यांतलं काही पुढे पेनचं म्हणून समजलं गेलं.

म्हणून आपल्या हातातली प्रत कोणती हे पाहायची सोपी रीत: शेवट उघडा. परिशिष्ट आणि क्वेकरांना लिहिलेला भाग नसेल तर पाठ बेलच्या पहिल्या आवृत्तीचा. दोन्ही असतील तर ब्रॅडफर्डचा. परिशिष्ट सोडू नये. इंग्लंडच्या राजाचं भाषण पुस्तिका निघाली त्याच दिवशी फिलाडेल्फियात पोचलं, आणि पेन तिथे त्याचा समाचार घेतो. त्याच वर्षी लंडनमध्ये अल्मन या प्रकाशकाने काढलेली आवृत्तीही मोठी मजेशीर. राजाबद्दलचे खटला होईल असे शब्द त्याने गाळले आणि त्या जागा कोऱ्या सोडल्या. काही प्रतींत मालकांनी त्या कोऱ्या जागा शाईने हाताने भरलेल्या आढळतात.

खपाच्या आकड्यांबद्दल एक इशारा. तीन महिन्यांत १,२०,००० प्रती गेल्या हा खुद्द पेनचा दावा. नंतरच्या लेखकांनी तो पाच लाखांपर्यंत फुगवला. १७७६ मधल्या अमेरिकी आवृत्त्या २५ च्या आसपास मोजल्या गेल्या आहेत. हाती चालवायच्या छापखान्यात एका आवृत्तीच्या हजार-दोन हजार प्रती निघत. गुणाकार करून पाहा. परिणाम मोठा झाला हे खरंच, पण तो एकाने वाचून दहाजणांना ऐकवण्यातून आणि वर्तमानपत्रांतल्या उताऱ्यांतून झाला.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या ‘अमेरिकन क्रायसिस’ या पुस्तिकामालेबद्दल थोडक्यात: १९ डिसेंबर १७७६ ते १९ एप्रिल १७८३, क्रमांक दिलेले १३ अंक. पण बिनक्रमांकाचे आणखी तीन आहेत, त्यातला एक ऑक्टोबर १७८० चा करांवरचा. स्वस्त आवृत्त्यांत हे तीन गळतात. लंडनहून १७७५ मध्ये ‘क्रायसिस’ नावाचंच एक साप्ताहिक निघत होतं. त्याचा पेनशी संबंध नाही.

‘राइट्स ऑफ मॅन’ दोन भागांत आहे आणि ते दोन वेगळ्या प्रकृतीचे आहेत. पहिला भाग फ्रेंच राज्यक्रांतीवर टीकेचं पुस्तक लिहिणाऱ्या एडमंड बर्कला उत्तर. फेब्रुवारी १७९१ मध्ये जोसेफ जॉन्सनने छापला, पण विक्रीला ठेवण्याआधीच हाय खाल्ली आणि काम सोडलं. मार्चमध्ये जॉर्डनने तो बाजारात आणला. किंमत बर्कच्या पुस्तकाइतकीच, तीन शिलिंग. वंशपरंपरेने कायदे करणारा म्हणजे वंशपरंपरेने गणिती असण्याइतकंच हास्यास्पद, हा प्रसिद्ध शेरा याच भागातला. वतनदारीत मुरलेल्या पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला तो काय वाटला असेल हे सांगायला नको. दुसरा भाग फेब्रुवारी १७९२ चा. हा छापताना चॅपमन नावाच्या मुद्रकाने हक्कासाठी आधी १००, मग ५००, मग १,००० गिनी देऊ केल्या, पेनने नाकारल्या, आणि अर्ध्यावर चॅपमनने मजकूर धोकादायक म्हणून परत केला. सरकारने खटला भरला तो या दुसऱ्या भागावर. सुनावणी १८ डिसेंबर १७९२, आरोपी फ्रान्समध्ये, बचावाला थॉमस अर्स्किन. तीन शिलिंगाचं पुस्तक सरकारने सोसलं, सहा पेन्सांची आवृत्ती कामगारांच्या हाती जाऊ लागल्यावर मात्र सोसलं नाही.

दुसऱ्या भागातलं पाचवं प्रकरण वगळणारे बरेच असतात, कारण ते आकडेमोडीने भरलंय. माझ्या मते तेच पुस्तकाचं काळीज आहे. गरीब घरातल्या १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड, अशी ६,३०,००० मुलं. पन्नाशी ओलांडलेल्या गरजूंना ६ पौंड, साठीनंतर १० पौंड, दोन्ही गट ७०,००० चे. मुलांचे २५,२०,००० आणि म्हाताऱ्यांचे ११,२०,०००, मिळून ३६,४०,००० पौंड. पैसा कुठून? चालू करांच्या शिलकीतून.

‘एज ऑफ रीझन’चा पहिला भाग १७९४ चा. २८ डिसेंबर १७९३ ला पॅरिसमध्ये अटक झाली तेव्हा तुरुंगाच्या वाटेवर त्याने हस्तलिखित आपला अमेरिकी मित्र जोएल बार्लोकडे दिलं. लिहिताना बायबल हाताशी नव्हतं, आठवणीतून लिहिलं. सुटकेनंतर बायबल मिळवून दुसरा भाग लिहिला, म्हणून दुसऱ्यात अध्याय आणि ओव्यांचे नेमके हवाले आहेत आणि पहिल्यात नाहीत. पहिल्यातल्या चुका काढून ‘पेनला बायबल माहीत नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

या दुसऱ्या भागात एक तळटीप आहे, ती कुणीही चुकवू नये. पेन तक्रार करतो: पहिला भाग निघून दोन वर्षंही झाली नाहीत, तोच त्यात माझं नसलेलं एक वाक्य घुसलंय. लूकचं शुभवर्तमान एका मताच्या बहुमताने मंजूर झालं, असं ते वाक्य. कुणीतरी पानाखाली टीप म्हणून घातलं, पुढच्या मुद्रकाने ते मजकुरात घेतलं, आणि बोलणारा मी ठरलो. यावर तो लगेच विचारतो, की छापखाना असताना दोन वर्षांत हे होतं, तर हस्तलिखितांच्या काळात शेकडो वर्षांत काय काय झालं असेल? पाठचिकित्सेतली स्वतःची तक्रार त्याने धर्मग्रंथांवरचा युक्तिवाद करून टाकली. कॉनवेने चौथ्या खंडात या वाक्याचा माग काढलाय. ते वाक्य आलं अमेरिकी आवृत्तीच्या संपादकाच्या टिपेतून.

या पुस्तकाचा हिंदुस्थानशी संबंध पुस्तकव्यापारातला आहे. कलकत्त्यात जहाजाने आलेल्या प्रती आधी रुपयाला विकल्या जात होत्या आणि मागणी वाढल्यावर भाव पाच रुपयांवर गेला, असं अलेक्झांडर डफ या मिशनऱ्याने वैतागून नोंदवलंय.

अवतरणं तपासायची तर पहिल्यांदा कॉनवेच्या चारही खंडांच्या मजकुरात शोधा, पण पूर्ण वाक्य टाकू नका. दोन-तीन कमी वापरातले शब्द टाका, कारण विरामचिन्हं आणि शब्दलेखन आवृत्तीगणिक बदलतं. तिथे नसेल तर फिलिप फोनरच्या दुसऱ्या खंडातली पत्रं. दोन्हीकडे नसेल तर ते वाक्य सोडून द्या. देशाला त्याच्या सरकारपासून वाचवणं हेच देशभक्ताचं कर्तव्य, हे पेनच्या चित्राखाली व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाक्य असंच आहे, त्याच्या लेखनात ते सापडत नाही. सापडलं तरी लेख निर्विवादपणे त्याचा आहे ना, हे पाहणं उरतंच. १७७५ चा मासिकातला लेख असेल तर दहादा विचार करा.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी ‘कॉमन सेन्स’ सांगत नाही. ‘अॅग्रेरियन जस्टिस’ सांगतो. १७९७ ची ही छोटी पुस्तिका, एका बैठकीत होते, आणि कागद-पेन्सिल घेऊन वाचता येते. निमित्तही पेनच्या स्वभावाला साजेसं. ‘एज ऑफ रीझन’ला उत्तर लिहिणाऱ्या लँडाफच्या बिशपने एक प्रवचन छापलं होतं, विषय काय, तर देवाने श्रीमंत आणि गरीब दोन्ही निर्माण केले यातलं शहाणपण. ते शीर्षक पाहून पेनने बाजूला ठेवलेलं हस्तलिखित छापायला दिलं.

मांडणी अशी. जमीन मुळात सगळ्यांची. शेतीमुळे मशागतीची किंमत मालकाची झाली, पण जमिनीची स्वतःची किंमत समाजाची राहिली. म्हणून प्रत्येक मालक समाजाला भुईभाडं देणं लागतो. ते वसूल करायची वेळ कोणती? मालक मरतो ती. कारण तेव्हा देणाऱ्याच्या हातातून काही जात नाही आणि घेणाऱ्याला अजून मिळालेलं नसतं.

मग आकडे. इंग्लंडचा पंतप्रधान पिट याने अंदाजपत्रक मांडताना इंग्लंडची एकूण मालमत्ता १३० कोटी पौंड सांगितली होती. एकविशीतला माणूस सरासरी आणखी ३० वर्षं जगतो, म्हणजे दर ३० वर्षांनी ती सगळी एकदा वारसांकडे जाते. वर्षाला ४,३३,३३,३३३ पौंड. यातले ३ कोटी थेट वारसांकडे जातात असं धरून त्यावर दहा टक्के, म्हणजे ३० लाख. उरलेले १,३३,३३,३३३ लांबच्या नातलगांकडे, त्यावर दहाच्या जोडीला आणखी दहा टक्के, म्हणजे २६,६६,६६६. एकूण ५६,६६,६६६. खर्च: पन्नाशीपुढच्या ४ लाख माणसांना दरसाल १० पौंड, ४० लाख. दरवर्षी एकविशी गाठणाऱ्या ९०,००० जणांना एकदाच १५ पौंड, १३,५०,०००. उरतात ३,१६,६६६, ते आंधळ्या-पांगळ्यांसाठी.

बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. कच्चे दुवे गृहीतकांत आहेत. मालमत्ता तीस वर्षांत सारख्या वेगाने हस्तांतरित होते हे एक. दुसरं, मरण्याआधीच दानपत्र करून कर चुकवणाऱ्यांचा हिशेब नाही. तिसरं, पन्नाशीपुढची सगळी माणसं त्याने मोजली ती ४ लाख, आणि श्रीमंत म्हातारे पैसे घेणार नाहीत म्हणून आकडा याहून वाढणार नाही असं मानलं, पण हक्क मात्र सगळ्यांना दिला. हा शेवटचा मुद्दा ‘राइट्स ऑफ मॅन’पासून त्याने किती वाट कापली ते दाखवतो. १७९२ मध्ये पैसे गरिबाला मिळणार होते, करांच्या शिलकीतून. १७९७ मध्ये ते श्रीमंत-गरीब सगळ्यांना मिळतात, हिरावून घेतलेल्या वारशाची भरपाई म्हणून, आणि हे दान नव्हे हक्क आहे असं तो ठणकावून सांगतो. फोनरच्या विषयवार मांडणीत हे अंतर नजरेतून निसटतं. कालक्रमाने वाचलं तर पाच वर्षांतला हा बदल आपोआप दिसतो.

या पुस्तिकेची प्रत निवडताना फ्रेंच विधिमंडळाला आणि डिरेक्टरीला, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या कार्यकारी मंडळाला, उद्देशून लिहिलेलं अर्पणपत्र आहे का ते पाहा. जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत ते नसायचं, कॉनवेने फ्रेंच आवृत्तीवरून ते परत आणलं.